सिस्टर गॅडिसची बटणं

अर्लीन गॅडिस चर्चच्या दारात उभी असली की व्रात्य पोरंसुद्धा च्युइंगम गिळून टाकत. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेकन गावातल्या चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवायचं काम तिचं; तिथे सगळे तिला सिस्टर गॅडिस म्हणत. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे, कणा ताठ. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात जड पातेली उचलली, पण रविवारी तिला वाकलेलं कुणी पाहिलं नाही.

एका रविवारी मात्र दानाचं तबक हातून निसटलं. पाकिटं बाकांखाली विखुरली.

"सिस्टर गॅडिस, सकाळीच घेतलीत की काय?" चर्चचे कारभारी डीकन पर्विस हसले.

तीही हसली. पण तबक बोटांना जाणवलंच नव्हतं. हल्ली मान ठणकायची, हातमोज्याचं बटणही लावता येत नव्हतं आणि पाय कापसावर पडल्यासारखे पडत. हे तिने आधी पाहिलं होतं. थोरल्या भावाचं, क्लीव्हनचं, असंच सुरू झालं. तो डॉक्टरांपुढे कळवळला, तर गोळ्यांच्या नशेसाठी नाटक करतोय म्हणून त्याला घरी धाडलं. तपासणी झाली तोवर मानेतला मज्जारज्जू पार चेपला होता. आता तो चाकाच्या खुर्चीत, घास बायको भरवते.

अर्लीनने ठरवलं, आपण रडारड करायची नाही. आम्हा काळ्यांकडे आया शिकवतातच, गोऱ्या डॉक्टरकडे जायचं तर चर्चला निघाल्यासारखं जायचं, म्हणजे माणूस समजून वागवतात. निळा सूट, मोत्यांची माळ, टोपी. बटणं लेकीने, रेनिताने, लावून दिली.

"काय अर्लीन, दहापैकी किती दुखतं तुला?" डॉक्टर तिच्या लेकीच्या वयाचा होता.

दहा म्हणावं तर क्लीव्हनची गत. "पाचेक," ती हसून म्हणाली.

"दिसतेस तर झकास! वजन उतरव, थोडं चाल. वयाचं आहे हे."

त्याने तिला हातसुद्धा लावला नाही. तिच्याबरोबर पातेली उचलणारी गोरी डॉना बागेतल्या मळक्या चपलांत मानदुखीसाठी याच दवाखान्यात गेली होती. तिचा एमआरआय पहिल्याच भेटीत झाला.

काही आठवड्यांनी अर्लीन न्हाणीघरात पडली. पाय आहेत की नाहीत, कळेना. रेनिता धावत आली.

"आई, डॉक्टरला सांगितलंस तरी काय?"

"पाच."

"पाच? अगं, तुझं पाच म्हणजे लोकांचं पंधरा!"

"ओरडले असते तर व्यसनी ठरले असते."

"आणि न ओरडून काय मिळवलंस?"

अर्लीनच्या डोळ्यांपुढे क्लीव्हनची खुर्ची होती.

दुसऱ्यांदा निघताना तिने सूट तोच घातला. फक्त रेनिता बटणं लावायला पुढे आली, तेव्हा तिचा हात बाजूला केला.

"काय अर्लीन..." डॉक्टर मागच्यासारखाच सुरू झाला.

"मिसेस गॅडिस म्हणा," ती म्हणाली. "आकडा विचारू नका, हे बघा."

ती वरचं बटण लावू लागली. बोटं घसरली. पुन्हा घसरली. खोलीत फक्त बटणावर नख आपटल्याचा आवाज. डॉक्टरचं हसू ओसरलं. त्याने हातोडी घेऊन गुडघ्यावर टकटक केलं, तर पाय नको तितका ताडकन उडाला.

"हे कधीपासून?"

"मागच्या वेळीही होतंच. बटणं लेकीने लावली होती."

एमआरआय त्याच दिवशी झाला; क्लीव्हनचंच दुखणं निघालं. सर्जनबाईंनी आडपडदा ठेवला नाही: शस्त्रक्रिया लगेच करायची, पुढचं बिघडणं थांबेल, पण गेलेलं परत येईलच असं नाही.

"मी चालेन ना?"

"तोच प्रयत्न आहे, मिसेस गॅडिस."

गाडीपाशी दाराची कडी तिच्या हातून सुटली. भीतीने की मानेमुळे, तिला कळेना. रेनिता सवयीने सूटची बटणं लावायला वाकली.

"राहू दे," अर्लीन म्हणाली. "इस्पितळात दाखल करून घेणाऱ्यांनाही उघडी दिसू देत."