कन्फेशनची प्रकरणं

आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर माझी फजिती ऐकाच. फक्त चहाचा घोट गिळा आणि मगच हसा.

इंटरनेट नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मी सातपूरच्या कारखान्यात कामाला आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत मुक्कामाला. आमचं चर्च प्रोटेस्टंट. जुन्या धर्मपंडितांची प्रवचनं काय, प्रश्नोत्तऱ्या काय, सगळं त्या डबड्यात फुकट! नाशकात ही पुस्तकं कुठं मिळणार होती? मी प्रिंट-आउट काढायचो, मराठी करायचो आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत वाचून दाखवायचो. आता आपली मंडळी मुळापासून घडणार, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

अशात मला कन्फेशन सापडलं. म्हणजे आपण प्रोटेस्टंट लोक नेमकं काय मानतो, हे एकेका प्रकरणात मांडलेलं जाडजूड लिखाण. मी हरखून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे त्याचा वर्ग घ्यायची परवानगी मागितली.

ते म्हणाले, "एक रविवार देतो. लोक आले तर वर्ग चालू. नाही आले, तर बुधवारचं वाचनही बंद."

झालं, माझा जीव टांगणीला. चर्चबाहेरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : 'रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत कन्फेशन. सर्वांनी यावे.'

आता मला सांगा, कन्फेशन म्हटलं की माणसाला काय आठवतं? कॅथलिक लोक फादरपुढे पापं कबूल करतात ते! हे मी सोडून सगळ्या मंडळीला आठवलं.

आमच्या चर्चचे पंच शिमोनकाका. त्यांनी मला फाटकातच गाठलं.

"अरे, आपल्यात हे कधी होतं?"

"नव्हतं काका, तिथंच तर आपलं चुकलं."

"म्हणजे सगळं सांगायचं?"

"सगळं. एकेक प्रकरण घेऊ."

काकांचा चेहरा उतरला. "कुणाची प्रकरणं?"

"आपल्या सगळ्यांचीच. प्रिंट-आउट आहेत माझ्याकडे."

"तुला कुठं मिळाली?"

"इंटरनेटवर. जगभर वाचतात लोक."

काका मटकन पायरीवर बसले. मला वाटलं, भारावले.

रविवारी त्या खोलीबाहेर ही भलीमोठी रांग! वर्ग वाचला म्हणून मी देवाचे आभार मानले. तेवढ्यात आईची मैत्रीण मार्थामावशी आत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"हे बघ, एकदाच सांगते. लिहून घेऊ नको."

"काय मावशी?"

"बुधवारी तू वाचतोस ना, तेव्हा मी डोळे मिटून बसते. ती प्रार्थना नसते रे. मी झोपते."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी धावत बाहेर गेलो, कन्फेशन म्हणजे काय ते सगळ्यांना समजावलं आणि मावशी काय कबूल करून बसली तेही सांगून टाकलं.

शिमोनकाका घाईघाईनं म्हणाले, "माझंही तेच. बाकी काही नाही."

मागे एकेक मान हलायला लागली. अख्ख्या रांगेचं पाप एकच.

वर्षभराची मेहनत होती हो ती. मी पाळकसाहेबांना म्हणालो, "साहेब, वर्ग नको आणि बुधवारचं वाचनही नको."

मार्थामावशीनं माझा हात घट्ट धरला.

"असं नको करू बाळा. घरी मला गोळी घेऊनसुद्धा झोप लागत नाही."