अकरा गड्यांचा जामीन

दयाराम म्हात्रे आमच्या टीमचा मॅनेजर झाला आणि त्या दिवसापासून भित्रा झाला. खेळाडू होता तोवर असा निधड्या छातीचा माणूस अख्ख्या रेवदंड्याच्या खाडीवर नव्हता. हे मी त्याचा लेफ्ट हाफ म्हणून सांगतो. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, तरी सांगतो.

सन एकवीसच्या सुमारास तो मुंबईला गोदीत लागला आणि तिथल्या टीमचा गोलकीपर झाला. खेळायचा अनवाणी. समोरून सोल्जरांचे बूट धावत यायचे आणि हा खुशाल बॉलवर तोंड घालायचा. पुढचे दात त्यातच गेले. मग एका पावसाळ्यात गुडघा निखळला, तो नीट बसलाच नाही. लंगडत गावी परतला तेव्हा काखेत एक बॉल होता. भात कापून झालेल्या शेतात त्याने आम्हाला खेळायला शिकवलं, आमच्या आयाबहिणींचा उद्धार करत करत. ‘मॅनेजर’ हा शब्दही त्यानेच गावात आणला. गावाला वाटलं, ह्याला सरकारी नोकरी लागली.

आमची शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. उधाणाच्या दिवशी घरटी एक गडी बांधावर उभा राहायचा, हा गावचा कायदा. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत, आणि मग पुढची काही वर्षं त्या जमिनीत भात विसरायचा. दयारामचा थोरला भाऊ अंबाजी अशीच एक खांड बुजवताना वाहून गेला होता. अंबाजीचा मुलगा सदा म्हणजे आमचा सेंटर फॉरवर्ड.

चौतीस साली आम्ही रेवदंड्याच्या फायनलला पोचलो. सामना नेमका नवरात्रातल्या मोठ्या उधाणाच्या दिवशी सकाळी. गाव म्हणालं, तरणे गडी सोडणार नाही, शेतात भात निसवलंय, लोंब्या बाहेर पडल्यात. तेव्हा दयाराम देवळात सगळ्यांसमोर उभा राहिला.

“पानी बांधाला लागायच्या आदी अकराच्या अकरा गडी बांधावर उभे करीन,” तो म्हणाला. “न्हाय केले त मना गावात ठेवू नका.”

आम्ही टाळ्या पिटल्या. दयारामचं मात्र त्या दिवसापासून जेवण तुटलं.

ओहोटीबरोबर मचव्यातून आम्ही रेवदंड्याला उतरलो. येताना भरतीबरोबर यायचं, असा त्याचा हिशेब. पण बक्षीस द्यायला येणारे पाहुणे उशिरा उगवले, आणि त्यांच्याशिवाय सामना सुरू होईना. दयाराम मैदानाकडे पाठ करून खाडीकडे बघत बसला. सदाने गोल मारला तेव्हाही त्याने मान वळवली नाही.

दुसऱ्या हाफमध्ये वारा दक्षिणेचा झाला. भरती लागून नांगरलेल्या होड्यांची तोंडं केव्हाच समुद्राकडे फिरली होती, आता त्या नांगराला हिसके देऊ लागल्या. दयाराम उठला, लंगडत सरळ मैदानात शिरला आणि चालू खेळातला बॉल त्याने दोन्ही हातांत उचलला. रेफ्रीने शिट्टी फुंकली. लोक ओरडायला लागले.

“काका, जिंकतोय आपन!” सदा किंचाळला.

“चला.”

कप समोरच्या टीमला मिळाला. आम्ही मचव्यात. सदाने वल्हं आपटलं. “भ्यालास तू! म्हनं गोदीतला वाघ!”

“व्हय, भ्यालो,” दयाराम म्हणाला. “तू न्हाय भ्यालास त उतर. काठ लांब न्हाय.”

कोणी उतरलं नाही. दयाराम वल्हं सोडून काठावर चढणाऱ्या पाण्याकडे सारखा बघत होता. ते बघून मीही भ्यालो. तोवर मी फक्त चिडलेला होतो.

पोचलो तर बांध धड. पाणी माथ्याच्या वीतभर खाली. आमच्या जागी बाया मातीच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. म्हातारा कोंडाजी दात काढत म्हणाला, “आले का पलपुटे? बक्षीस कनचं मिलालं?” मला दयारामला खाडीत ढकलावंसं वाटलं.

तेवढ्यात शेताच्या अंगाने दयारामची बायको ठमी ओरडली. खेकड्याच्या बिळातून अंगठ्याएवढी धार येत होती. नितळ होती तोवर ठीक. आमच्या डोळ्यांदेखत ती गढूळ झाली. म्हणजे बांध आतून सुटत होता.

आम्ही बिळावर तुटून पडलो. बाहेरून पेंढा कोंबला, आतून माती ओतली, आणि आम्ही अकराही जण ती पायांनी तुडवायला लागलो. बाजूची ढेकळं सुटून पडत होती. दयारामने सदाला दंडाला धरून बरोबर बिळाच्या तोंडावर उभा केला.

“टाच रोव. काय लागतंय पायाला?”

सदाने टाच रोवली आणि खाली बघितलं. “ढकलतंय, काका.”

“तुझ्या बापालाबी असाच ढकललान. हालू नको.”

किती वेळ तुडवलं कोण जाणे. माझ्या मनात कप नव्हता, गोल नव्हता, फक्त पायाखालची माती होती. पाणी माथ्याला लागलं, थबकलं, आणि हळूहळू उतरायला लागलं. आम्ही मटकन खाली बसलो. बाया टोपल्या उचलून घरी निघाल्या. ते बीळ बायांनी एकट्यांनी बुजवलं असतं का, यावर गावात अजून भांडणं होतात.

सदा तसाच उभा होता.

“उचल पाय,” दयाराम म्हणाला. “उतरला पानी.”

“नक्की?”

“नक्की.”

“काका, तू परत एकदा बघून ये ना.”

दयाराम लंगडत बांधावर चढला, खाडी बघून आला, म्हणाला उतरलंय. सदाने पाय उचलला नाही. तो आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघत होता, आम्ही सगळे आहोत ना म्हणून.

तेव्हा दयाराम हसला. पडलेल्या दातांच्या फटीतून, कितीतरी दिवसांनी.

“झालास,” तो म्हणाला. “आता तू झालास मॅनेजर.”