नावाड्याच्या बायकोचं काय झालं

भूमला प्रांत कार्यालयात मी लघुलेखक होतो, तेव्हा आमच्या प्रांताधिकारी मॅडम आसामच्या होत्या. कामापुरती मराठी त्यांना येत होती. पण कचेरी सुरू व्हायच्या आधी दार लावून त्या आसामीत कादंबरी लिहायच्या. टेबलावर कागद दिसले की मी उभ्या उभ्याच नजर टाकायचो. अक्षरं बंगालीसारखी, एकही लागत नव्हतं. दिवसभर शेतरस्त्यांचे वाद ऐकणारी ही बाई सकाळी लिहिते तरी काय, याचं मला फार कुतूहल होतं. विचारायचा धीर मात्र होत नव्हता.

तो आईला झाला. टंचाईची पाहणी करून परतताना मॅडम आमच्या गावी चहाला थांबल्या. आई नुकतीच मेंढरं कोंडून आली होती. मॅडम गोष्टी लिहितात असं मी सांगताच तिनं विचारलं, कुणाची गोष्ट? मॅडम म्हणाल्या, एका नावाड्याची. त्यांच्याकडच्या नदीचा पलीकडचा काठ दिसत नाही. दर पावसाळ्यात ती गावात शिरते आणि हा नावाडी लोकांना बाहेर काढत फिरतो.

"अन् त्याची बायको कुठं ऱ्हाती तवा?"

"ती घरीच."

"घरात तर पाणी हाय म्हणता तुमी."

 मग मॅडमच आईला विचारू लागल्या, मालक मेंढरं घेऊन लांब जायचे तेव्हा तुम्ही काय करायचा? आई सांगत गेली. एका साली गावातलं पाणी आटलं, तेव्हा मला काखेला मारून ती एकटीच परंड्याकडं माहेरी चालत निघाली होती. हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुढं मॅडमची बदली झाली. कादंबरी छापून आल्यावर त्यांचा फोन आला. निम्मी कादंबरी आता नावाड्याच्या बायकोची होती. ती केळीच्या खुंटांचा तराफा बांधते आणि लेकराला घेऊन निघते.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, पोचली का? ते मी विचारलंच नव्हतं. पुन्हा फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "पोचली. पण परत गेली नाही."

तेही आईला सांगितलं. तशी ती म्हणाली, "म्या बी माघारी येनार न्हवते."

मग आलीस कशी, मी विचारलं. वडील मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून तिला न्यायला आले होते, माहेरच्या दारात दोन दिवस बसून राहिले होते. हे मॅडमना कळवायचं अजून राहिलंय.