छत्रीखालच्या दोघी

मी तेव्हा हातमागाच्या लुगड्यांसाठी कागदावर नक्षी काढत असे. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तिच्या पदरासाठी काही वेगळं हवं म्हणून गिरणीतल्या विणाई मास्तरांनी मला एक जपानी पुस्तक दिलं. मागांचं काम शिकायला ते तिकडे राहून आले होते. लाकडी ठशांनी छापलेलं, दोऱ्यानं शिवलेलं पातळ पुस्तक. एका पानावर दोन बायका एकाच छत्रीखाली चाललेल्या आणि त्यांच्याभोवतीची मोकळी जागा बारीक वेलींनी भरलेली. मी चित्र वेलींसकट उतरवलं, वडिलांनी पदर विणला.

तो बघून मास्तर म्हणाले, "अरे, ह्या वेली नव्हेत. अक्षरं आहेत."

"काय लिहिलंय?"

"मला थोडं बोलता येतं. वाचता नाही येत."

लग्नाला आठ दिवस उरले होते. आई आमच्या घरच्या तेलुगूत एवढंच म्हणाली, "कुणाच्या मरणाचं असलं तर? हाच पदर डोक्यावर घेऊन ती सासरी जाणार." मला घास उतरेना.

बार्शीला एक जपानी साहेब कापूस घ्यायला आल्याचं मास्तरांकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक पंच्यात गुंडाळून मी तिथं गेलो. साहेबानं पान डोळ्यांजवळ नेलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

साहेबाचं बोलणं समजून सांगणारा शेजारचा दलाल म्हणाला, "लई जुनं अक्षर हाय म्हणतोय. त्यालाबी समदं वाचता येत न्हाय." मग साहेब वरच्या ओळींवर बोट ठेवून काहीतरी बोलला आणि दलालानं सांगितलं, "एक बाई दुसरीला म्हणतीया, जवळ चाल, भिजशील."

"आणि ही खालची ओळ?"

ती लागत नाही म्हणून साहेबानं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं, न लागलेल्या ओळीसकट. आई म्हणाली, पदर कापून टाका. बहिणीनं तो मांडीवर पसरला.

"जवळ चाल, असं ह्यातली कोण म्हणते?"

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. वरची अक्षरं उंच बाईच्या तोंडापासून सुरू होत होती, खालची ठेंगणीच्या.

"मग खालचं हिचं उत्तर असणार," ती म्हणाली. "इतक्या मायेनं बोलणाऱ्या बाईला कुणी वाईट बोलेल?"

ती तेच लुगडं नेसली. लग्नभर तिचा पदर हलला की माझी नजर त्या ओळीवर जायची. सासरहून पत्र आलं की वाईट बातमी नाही ना म्हणून मी आधी शेवटची ओळ वाचायचो.

दिवाळीला ती आली. अंगावर तेच लुगडं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. सासूलाही ते आवडतं, कधीमधी सासूच ते नेसते, असं बहीण हसत सांगत होती. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.