लेमारा बोट चालवते

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या समुद्रातल्या छोट्या न्गुना बेटावरचे तरणे पुरुष एकेक करत परदेशी कामाला निघून गेले आणि त्या वर्षी गावात बोट चालवायला कोणी उरलंच नाही. कोण ऑस्ट्रेलियात टोमॅटो खुडत होतं, कोण न्यूझीलंडला किवीच्या वेली छाटत होतं. बोट मात्र किनाऱ्यावर वडाच्या सावलीत नुसती पडून होती.

बोट लेमाराच्या घरची. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, कालसाऊचं, लग्नापासून ठरलेलं होतं. एका हंगामाला एकाने परदेशी जायचं, दुसऱ्याने घर, पोरं आणि वाडी सांभाळायची. आदल्या वर्षी लेमारा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला जाऊन आली होती. टोमॅटोच्या गोदामात तिने आधी पेट्या भरल्या; मग तिचा उरक बघून मुकादमाने तिला फोर्कलिफ्टवर बसवलं. त्या कमाईतून बोटीला नवं इंजिन आलं. यंदा पाळी कालसाऊची. जाताना त्याने बोट चुलतभावाच्या हवाली केली, पण महिन्याभरात चुलतभावालाही बोलावणं आलं आणि तोही विमानात बसला.

समोर एफाते बेटावरचा एमुआचा धक्का गावातून दिसतो. तिथवर पोचलं की विला शहराच्या बाजाराला जायला ट्रक मिळतो. पण पोचायचं कसं? बाजारकरणी बाया भाजीचे भारे नि कोनफळांच्या टोपल्या घेऊन वाळूत बसून राहायला लागल्या.

"ही सगळी भाजी मी एकटीने खायची का?" लेवी मावशी करवादली. जिभेला हाड नसलेली ही मावशी बाजारकरणींची म्होरकी होती. "माझं पोट म्हणजे काय विलाचा बाजार आहे?"

"मी नेते," लेमारा म्हणाली.

"तू?"

"ट्रकभर माल उचलणारं यंत्र चालवलंय मी, मावशी."

"चालवलं असशील. पण ते बुडत नव्हतं ना!"

बाया हसल्या. तरी एकही नको म्हणाली नाही. लेमाराचा बाप मासेमारी करायचा. त्याच्या होडीत बसून तिने खडकांमधली वाट लहानपणीच डोळ्यांत भरून घेतली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अडचण होती ती बुबू तारिपोआंची. ते गावचे प्रमुख, पण लहानथोर सगळे त्यांना बुबू, म्हणजे आजोबाच, म्हणायचे.

"बाईमाणसाने बोटीचं इंजिन धरलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही," ते म्हणाले.

"मग बुबू, तुम्हीच एक पुरुष दाखवा. आत्ता त्याच्या हाती देते."

बुबूंनी आजूबाजूला पाहिलं. गुडघे धरून बसलेले दोन म्हातारे आणि अधू डोळ्यांचे पाद्रीबाबा एवढीच काय ती पुरुषमंडळी होती. शेवटी बुबू म्हणाले, "पहिल्या खेपेला मी बसेन. मला पटलं नाही, तर दुसरी खेप व्हायची नाही."

सोमवारी सकाळी बोट निघाली. बुबू मागच्या बाजूला, लेमाराच्या अगदी जवळ बसले, म्हणजे तिची प्रत्येक चूक दिसावी. खडकांमधून बोट अलगद बाहेर पडली. लेमाराने श्वास सोडला, आणि तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं नि बंद पडलं.

प्रवाह बोटीला हळूहळू मागे, खडकांकडे ओढू लागला. लेवी मावशीने खालच्या आवाजात देवाचं गाणं धरलं.

"मावशी, हे मयताला म्हणतात ते," लेमारा म्हणाली. "दुसरं काहीतरी म्हणा."

बोलता बोलता तिने टाकीचं झाकण उघडून पाहिलं. टाकीत पेट्रोल होतं. नळीवरचा रबरी फुगा तिने दाबून पाहिला. तो चपटा झाला तो पुन्हा फुगेना. म्हणजे पेट्रोल येतच नव्हतं. तिची नजर नळीवरून मागे मागे गेली आणि बुबूंच्या पायाशी थांबली. तोल सांभाळायला म्हणून त्यांनी आपला भला थोरला पाय बरोबर नळीवर रोवला होता.

तिने इंजिनाकडे तोंड फिरवलं. "बुबू, बोट डाव्या अंगाला कलतेय. जरा इकडे सरकता का?"

बुबू सरकले. पाय उचलताना त्यांना नळी दिसली. त्यांनी लेमाराकडे पाहिलं, पण ती फुगा दाबण्यात गुंतलेली होती. दोरीच्या दुसऱ्या झटक्याला इंजिन चालू झालं. बायांनी एकच गिल्ला केला आणि मावशीने गाणं बदललं.

त्या संध्याकाळी नाकामालात, गावाच्या बैठकीच्या घरात, कावा नावाचं मुळांचं कडवट पेय पिताना बुबूंनी घसा साफ केला. "आज बोटीत एका बैलाने पेट्रोलच्या नळीवर पाय दिला होता," ते म्हणाले. "त्या बैलाचं नाव तारिपोआ. पोरीने चारचौघांत चकार शब्द काढला नाही. बोट तीच चालवेल." म्हातारे ठसका लागेपर्यंत हसले. लेमाराला हे दुसऱ्या दिवशी बुबूंच्या बायकोकडून कळलं, तेव्हा तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

मग हंगामभर तिने बोट चालवली. बाजारकरणींना नेलं, तापाने फणफणलेली पोरं दवाखान्यात पोचवली, सिमेंट आणलं, पत्रे आणले, एकदा पाय बांधलेलं डुक्करही आणलं. रेडिओवर कोणी पुढारी सांगत होता की तरुण परदेशात राबताहेत म्हणून देश पुढे चाललाय. "चालू दे बापडा," लेवी मावशी म्हणाली. "पण न्गुनाहून पुढे जायचं तर त्यालासुद्धा लेमारालाच हाक मारावी लागेल."

कालसाऊ फोनवर विचारायचा, "बोट कोण चालवतंय?"

"आहे एक जण."

"कोण?"

"तुझ्या चांगल्याच ओळखीतलं."

खरं कळलं तेव्हा तो आधी हसला, मग काळजीत पडला, मग पुन्हा हसला.

हंगाम संपल्यावर त्याला आणायला पोरांना घेऊन तीच एमुआला गेली. उन्हातही अंगात जाड जाकीट घालून तो ट्रकमधून उतरला आणि पोरांना कवटाळून सवयीने थेट इंजिनाकडे निघाला.

"ए पाहुण्या, तिकडे कुठे?" मावशी ओरडली. "पुढे बस नि दोर धर!"

कालसाऊ पुढे जाऊन बसला. दोन दिवस त्याचं तोंड फुगलेलंच होतं. तिसऱ्या दिवशी कोनफळं सोलता सोलता तो म्हणाला, "खडकांतून बोट तू जरा जास्तच उजवीकडून काढतेस."

"ओहोटीला डावीकडचा खडक वर येतो."

"मला माहीत आहे."

"माहीत आहेच तुला. बोटीचा तळ तूच खरवडला होतास तिथे."

तो खो खो हसत सुटला.

पुढच्या हंगामाची पाळी लेमाराची. विलाहून परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्या कचेरीचा फोन आला. फोर्कलिफ्टची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. बाजारकरणींना हे कळलं तशा बोटीतल्या गप्पाच आटल्या. दोन दिवस विचार करून लेमाराने नकार कळवला.

"का गं?" कालसाऊने विचारलं.

"यंदा मला इथलंच काम करायचंय. तुला जायचं असेल तर जा."

"नको. मीही घर धरून राहतो. शाळेच्या पाण्याच्या टाकीचं काम कोणाकडून तरी व्हायलाच हवं."

तिच्या जागी शेजारची लेनासू गेली, पहिल्यांदाच. तिला धक्क्यावर सोडायला लेमाराच गेली. "मोजे एकावर एक दोन घाल," वाटेत ती सांगत होती. "मुकादम ओरडला तर घाबरू नकोस, त्याचा आवाजच तसा आहे. पहिले काही दिवस रडू येतं. येऊ दे. जेवायला बोलावलं की थांबतं."

लेनासू रडता रडता हसली आणि ट्रकमध्ये चढली.

परतीला शाळेच्या टाकीसाठी सिमेंट चढवलं होतं. पाणी शांत होतं. पोत्यांना टेकून मावशी घोरत होती, कालसाऊ पुढे दोर धरून बसला होता. किनारा जवळ आला तशी लेमाराने इंजिनाचा वेग कमी केला आणि हाक दिली, "उतर आता, बोट धर!" कालसाऊने मांडीपर्यंतच्या पाण्यात उडी मारली.