पवित्राचा निकाल

वसंत इंगवले कोल्हापुरातल्या एका खासगी कॉलेजात संगणक प्रयोगशाळेचा सहायक होता. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा तो नोकरी सांभाळून शिकला. २००३ साली प्राचार्यांनी डिप्लोमाचा निकाल इंटरनेटवर लावायला सांगितला. दोन महिने खपून त्यानं सर्व्हलेट लिहिलं, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. आसनक्रमांक टाकला की नाव आणि गुण समोर यायचे. त्यानं एकेक करून शंभर क्रमांक तपासले. सगळे बरोबर आले.

निकालादिवशी अकरा वाजता पोरं साइटवर एकदम तुटून पडली. तरी सर्व्हर बंद पडला नाही, यावरच वसंत खूश होता.

आठवड्यानं गडहिंग्लजचे किराणा दुकानदार रुद्राप्पा मुलीला, पवित्राला, घेऊन आले. तिनं गावातल्या सायबर कॅफेतून छापून आणलेल्या निकालावर ती पास होती. घरी पेढे वाटून झाले होते. हातात आलेली गुणपत्रिका मात्र दोन विषयांत नापासाची होती.

“ह्यो कागद तुमच्याच कॉम्प्युटरातनं आलाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

वसंतनं तिचा क्रमांक टाकला. नापास. वीसदा टाकला, तरी तेच. कागद पोरीनंच बनवला असणार, असं प्राचार्य तिच्या तोंडावर म्हणाले. ती खोटं बोलत नसावी असं वसंतला वाटत होतं, पण दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याला चूक सापडली. टाकलेला क्रमांक त्यानं प्रोग्राममध्ये सगळ्यांना सामायिक अशा एकाच जागी ठेवला होता. दोघांनी एकाच क्षणी विचारलं, तर एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे गुण यायचे. एकट्यानं तपासताना ते कधीच दिसलं नसतं. दोन ओळी बदलून त्यानं ते दुरुस्त केलं आणि प्राचार्यांना सांगितलं. हे बाहेर बोलायचं नाही, एवढंच ते म्हणाले.

रविवारी तो एसटीनं गडहिंग्लजला गेला. पवित्रा दुकानात साखर जोखत होती. कॉलेज तिनं सोडलं होतं. रुद्राप्पांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे पोरीनं खोटं केलं न्हाय.”

“नाही. चूक माझी होती.”

“मग ती पास हाय?”

“नाही.”

“निदान कॉलेजकडनं तसं लिहून तरी द्या.”

ते त्याच्या हातात नव्हतं. त्यानं तसं सांगितलं. पवित्रानं पुडा बांधून गिऱ्हाइकाला दिला आणि ती आत निघून गेली.