ओल्या अंगठ्याची परीक्षा

त्या वर्षी अळी लागत नाही म्हणून पेरलेल्या बीटी कपाशीच्या बोंडांतही गुलाबी अळी निघाली आणि आमच्या घराचा चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीवरचा विश्वास उडाला. बियाण्याच्या पाकिटावर चकाकतं स्टिकर होतं ना, म्हणून. नेमकी तेव्हाच मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून मोताळ्याला आले, स्वतः छापलेली निळी पट्टी घेऊन.

मला पुढे संशोधन करायचं होतं. मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, माझ्यासाठी देऊळगाव राजाचं स्थळ आणलं होतं. घरात शब्द त्यांचाच चाले. रविवारी पाहुणे येणार होते. त्यांचा होकार आला की माझी प्रयोगशाळा संपली.

माझं काम काय ते दाखवायला मी ओसरीवर त्यांच्यापुढे पट्टी ठेवली. "याच्यात रंगच नाई," मी म्हणाले. शाई दुधासारखी पांढरी, तिच्यात डोळ्यांना न दिसणारे मणी. वाळताना ते थरावर थर रचून बसतात आणि उजेडातला निळा तेवढा परत धाडतात. मोरपिसाचंही असंच, कुटलं तर काळपट भुकटी उरते.

"रंग नाई, अन् निळं दिसते? वा!" मोठेबाबांनी अंगठा जिभेला लावला. आठवडी बाजारात लुगडं घेताना आमच्याकडे असंच करतात. ओला अंगठा काठावर दाबायचा, रंग लागला की चारचौघांत दुकानदाराची शोभा करायची. त्यांनी पट्टीवर अंगठा दाबला. तेवढ्या जागचं निळं गेलं.

"घ्या! बियाण्यानं फसवलं, आता पोरगीबी तेच घेऊन आली."

आई मला आत चल म्हणून खुणावू लागली. माझं डोकं सणकलं.

"अंगठा पाहा तुमचा. लागला काय निळा?" अंगठा कोरा होता. "पानी मन्यायच्या फटीत शिरलं, म्हून निळं गेलं. ते पानी वाळू द्या. उठू नका."

'उठू नका' असं त्यांना त्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते बसून राहिले. हळूहळू कडेकडून निळं परत आलं. त्यांनी पुन्हा थुंकी लावली, जोरात दाबलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. मला हसू दाबता येईना.

"मंग पाव्हण्यायले काय सांगू मी?"

"सांगा, पोरगी पुण्याच्या गाडीत बसली. मी विचारायले नाई आली, मोठेबाबा. सांगायले आली."

ते आईकडे वळले. "समजाव तिले."

आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि माझी पिशवी भरायला आत गेली.